मातीची चव खरंच लागते का? फ्रेंच रेड वाइन, नाशिकची द्राक्षं आणि आपलं सीताफळ



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बहुतेकांना एक वाक्य ऐकावं लागतं: "नुसतं संकलन नको, चिकित्सा करा." पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलं की हे वाक्य डोक्यात घुमायला लागतं, पण चिकित्सा म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणी बसून दाखवत नाही. आज एका विषयावर ती करून बघू. विषय ऐकून हसाल: फ्रेंच रेड वाइन. वडवणीच्या पोरानं, तेही माळकरी घरातल्या, वाइनवर लिहावं याचं घरीही आश्चर्यच आहे. मी पीत नाही, आणि तुम्ही प्या असंही सांगत नाही. तरी हा विषय मला टाळता आला नाही, त्याचं कारण आपलं सीताफळ.

झालं असं. माझा विषय भूगोलातला आहे, भौगोलिक मानांकन आणि स्थानिक फळपिकं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये मानांकन मिळालं, हे तुम्हाला माहीत असेल. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, "ज्याप्रमाणे बोर्डोच्या मातीची चव तिथल्या वाइनमध्ये उतरते, त्याप्रमाणे बालाघाटच्या डोंगराची चव सीताफळात उतरते." समितीतल्या एका सरांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, "कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य छान होतं, पण त्यातला पहिला अर्धा भाग मी कुठूनतरी उचललेला होता आणि दुसरा अर्धा भाग पहिल्याच्या खांद्यावर बसवलेला होता. सिनॉप्सिस परत आलं. पुढचे चार महिने मी त्या पहिल्या अर्ध्या वाक्याच्या मागे होतो. हा लेख त्यातून आलेला आहे.

दावा काय आहे, ते आधी नीट मांडा

चिकित्सेची पहिली पायरी म्हणजे समोरच्याचा दावा त्याच्याच भाषेत, त्याला मान्य होईल असा मांडणं. फ्रेंच लोक 'तेरवार' नावाचा शब्द वापरतात. जमीन, हवामान, उतार, पाणी आणि तिथल्या माणसांची पद्धत या सगळ्यांचा मिळून पिकावर जो ठसा उमटतो तो तेरवार.

बोर्डोत गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून जिरोंद होते. तिच्या डाव्या काठाला मेदोकमध्ये गोटे-रेतीची जमीन आहे, तिथं काबर्ने सोव्हिन्यों जास्त. ही वाइन तुरट, कडक, वर्षानुवर्षं मुरत ठेवायची. उजव्या काठाला पोमेरोल, सेंत-एमिलियों, तिथं मर्लो जास्त आणि वाइन त्या मानानं मऊ. बर्गंडीत पिनो न्वार हे एकच मुख्य लाल द्राक्ष, रंगानं फिकं, वासाला नाजूक. तिथले शेताचे बांधसुद्धा नावानिशी ओळखले जातात आणि २०१५ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्याच्या दक्षिणेला बोजोलेत गामे नावाचं द्राक्ष, त्याची वाइन हलकी, लवकर पिऊन टाकायची. र्‍होन खोऱ्याच्या उत्तरेला सिरा, मिरपुडीसारख्या वासाची. दक्षिणेला ग्रेनाश आणि मंडळी, अंगानं भारी. लुआर नदीकाठच्या शिनोंला काबर्ने फ्रां.

आता यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? प्रदेश बदलला की द्राक्षाची जातही बदलते. मग बोर्डो आणि बर्गंडीतला फरक मातीचा म्हणायचा की जातीचा? आपल्याकडे कुणी म्हणालं की "आमच्या गावची ज्वारी तुमच्या गावच्या बाजरीपेक्षा वेगळी लागते, कारण आमची माती वेगळी," तर आपण हसू. वाइनबद्दल मात्र हेच वाक्य गंभीरपणे छापलं जातं. संशोधनाच्या भाषेत याला दोन चलांची गुंतागुंत म्हणतात. ती सुटल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

ही गुंतागुंत नुसती निसर्गानं केलेली नाही, हेही बघा. १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूक फिलिपनं फर्मान काढून गामेच्या वेली आपल्या मुलखातून उपटायला सांगितल्या. मेदोकचा बराचसा भाग दलदलीचा होता, सतराव्या शतकात डच लोकांनी चर खोदून पाणी काढून दिलं, तेव्हा कुठं ते गोट्यांचे उंचवटे मळ्यांसाठी कामाला आले. म्हणजे ज्याला आज 'मातीचा गुण' म्हणतात त्यात राजाचा हुकूम आणि कुदळीची मजुरी दोन्ही मुरलेले आहेत.

"तज्ज्ञ फसले" ही गोष्ट मूळ कागदात वाचा

दुसरी बाजू म्हणते, हे सगळं थोतांड आहे. पुरावा म्हणून एक प्रयोग हटकून सांगितला जातो. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्द्यू यांचा २००१ चा, 'ब्रेन अँड लँग्वेज' या नियतकालिकातला. गोष्ट अशी सांगतात की पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग टाकून मोठमोठ्या तज्ज्ञांना दिली, आणि सगळे तिचं वर्णन रेड वाइनसारखं करायला लागले. मीही ही गोष्ट मित्रांना रंगवून सांगत होतो. मग मूळ पेपर वाचला.

पहिलं म्हणजे ते ५४ जण नामांकित परीक्षक नव्हते. बोर्डो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणारे विद्यार्थी होते. दुसरं, प्रयोग वासापुरता होता, चवीचा नव्हता. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या बैठकीत त्यांना खरी पांढरी आणि खरी लाल वाइन देऊन वासाचे शब्द निवडायला लावले. नंतरच्या बैठकीत तीच पांढरी वाइन आणि तीच लाल रंगवलेली असे दोन ग्लास ठेवले, त्यांचेच शब्द त्यांना परत दिले आणि विचारलं, हा वास या दोनपैकी कशात जास्त आहे?

आता विचार करा. दोन्ही ग्लासात एकच वाइन आहे, वास सारखाच आहे. "दोन्हीत सारखा" असं उत्तर द्यायची सोय नाही. मग माणूस दुसरा धागा शोधणारच, आणि समोर रंग दिसतोय. या प्रयोगानं हे पक्कं सिद्ध होतं की रंगाचा वासाच्या शब्दांवर जोर चालतो. पण "वाइनमधला फरक कुणालाच कळत नाही" हे यातून निघत नाही, कारण फरक असलेल्या दोन वाइन त्या दुसऱ्या बैठकीत नव्हत्याच. पेपर चांगला आहे. त्याच्यावर चढवलेली गोष्ट चुकीची आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या की तुमची निम्मी चिकित्सा झाली असं समजा.

असंच १९७६ च्या पॅरिसच्या चाचणीचं. २४ मे १९७६ ला फ्रेंच परीक्षकांनी डोळे न बांधता, पण लेबल झाकून वाइन चाखल्या, आणि लाल गटात कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ ची वाइन पहिली आली. यावरून "तेरवार मेला" असं लिहिणारे आहेत. पण तिथं विचारलेला प्रश्न होता "चांगली कोणती?" आपला प्रश्न आहे "कुठली, हे ओळखू येतं का?" एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवू नका.

परीक्षकांच्या बाजूनंही फार खूश व्हायचं कारण नाही. रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट फेअरमधल्या परीक्षकांची तपासणी छापली. सुमारे तीस वाइनच्या फेरीत तीन ग्लास एकाच बाटलीतले, परीक्षकांना न सांगता. त्या तिन्ही ग्लासांना एकाच पदकाच्या टप्प्यात ठेवणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के निघाले. हा प्रयोग मला जास्त पटतो, कारण त्यात परीक्षकाची तुलना दुसऱ्या कुणाशी नाही, त्याची त्याच्याशीच आहे. तुमच्या प्रश्नावलीतही असा एखादा प्रश्न दोनदा, वेगळ्या जागी टाकून बघा. उत्तरं बघून धक्का बसेल.

यंत्राला कळतं, पण काय कळतं?

माणसाची जीभ डळमळीत असेल तर यंत्राला विचारू. शार्टनर, मार्शां आणि पूजे यांनी २०२३ मध्ये बोर्डोच्या सात मळ्यांच्या ८० रेड वाइन घेतल्या, १९९० ते २००७ या काळातल्या बारा वेगवेगळ्या वर्षांच्या. गॅस क्रोमॅटोग्राफ काढून संगणकाला दिले. संगणकानं मळा बरोबर ओळखला, शंभर टक्के. वर्ष मात्र निम्म्याच वेळा.

हे वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. सापडलं, मातीची सही सापडली! मग मला सरांचं "कशावरून?" आठवलं. सात मळे म्हणजे सात मातीच नाहीत. सात तळघरं आहेत, सात वेगळ्या पद्धती आहेत, लाकडी पिपं वेगळी, जातींचं प्रमाण वेगळं. संगणकानं जे ओळखलं ते "घराणं" असू शकतं, जमीन असेलच असं नाही. दोन गुरुजींचे विद्यार्थी अक्षरावरून ओळखता आले म्हणून अक्षर गावच्या पाण्यानं बनतं असं आपण म्हणत नाही. ठसा आहे, एवढं सिद्ध झालं. ठसा कुणाचा, हे अजून बाकी आहे.

मातीबद्दल स्वतंत्र पुरावा आहे का? आहे, आणि तो आपल्या भागातल्या माणसाला लगेच समजेल असा आहे. बोर्डोचेच जेरार सेगँ यांनी तिथल्या नावाजलेल्या मळ्यांच्या जमिनी वर्षानुवर्षं अभ्यासल्या. त्यांना दिसलं की गोट्यांच्या, चुनखडीच्या, चिकण मातीच्या अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या जमिनींत उत्तम वाइन होते. साम्य कशात होतं? पाण्यात. पाणी साचू न देणारी आणि वेलीला हळूहळू, जरा ताणून पाणी देणारी जमीन. भूवैज्ञानिक अॅलेक्स माल्टमन तर स्पष्ट सांगतात की खडकातली खनिजं जशीच्या तशी ग्लासात येत नाहीत. वेल मुळांवाटे अगदी थोडे विरघळलेले क्षार घेते, त्यांची चव लागावी एवढं प्रमाणच नसतं.

म्हणजे 'मातीची चव' हा शब्द चुकीचा, पण माती निरुपयोगी असंही नाही. ती पाण्याच्या ताणातून काम करते. पाण्याचा ताण म्हणजे काय हे वडवणीच्या माणसाला शिकवायला नको.

नाशिक: तीच जात, वेगळं घड्याळ

आता गुंतागुंत सोडवायची तर एकच जात दोन ठिकाणी बघावी लागेल. त्यासाठी फ्रान्सला जायची गरज नाही. नाशिकला १९९० नंतरच्या दशकात वाइनच्या द्राक्षांची लागवड सुरू झाली, सुलाची पहिली वाइन २००० मध्ये आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं. 'नाशिक व्हॅली वाइन' हे भौगोलिक मानांकनही आहे. र्‍होनमधलं सिरा तिथं शिराझ नावानं लावलं जातं.

पण बघा, फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते. वर्षातून एक छाटणी, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, म्हणजे द्राक्ष पिकताना दिवस थंड होत जातात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला खरडछाटणी आणि पावसाळा सरता फळछाटणी, अशा दोन छाटण्या. तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे पिकताना ऊन चढत जातं. ऊन चढलं की साखर वाढते आणि आंबटपणा भराभर उतरतो. इथं फरक घडवणारी मुख्य गोष्ट मातीपेक्षा कॅलेंडर आहे, आणि ते कॅलेंडर शेतकऱ्याच्या कात्रीनं ठरतं. नाशिकच्या वाइनला बोर्डोच्या फूटपट्टीनं मोजणाऱ्या लेखांवर माझा आक्षेप हाच आहे. "फ्रेंच वाइनच्या जवळ गेली" हे ते कौतुक म्हणून लिहितात. प्रादेशिक गुण हाच मुद्दा असेल, तर जवळ जाणं हे कौतुक कसं?

कशाबरोबर काय खायचं

पुस्तकी नियम असा: रेड वाइन मटणाबरोबर, पांढरी माशाबरोबर. याला आधार आहे का?

माशाच्या बाबतीत चांगला आधार आहे. जपानमध्ये तामुरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३८ रेड आणि २६ पांढऱ्या वाइन शिंपल्यातल्या मांसाबरोबर तपासल्या. तोंडात नंतर राहणारा उग्र मासळी वास वाइनमधल्या लोहाच्या प्रमाणाबरोबर वाढत होता. लोह बांधून टाकलं की तो कमी झाला. म्हणजे दोष लाल रंगाचा नाही, लोहाचा. लोह कमी असलेली रेड चालू शकते. नियम बरोबर निघाला, पण कारण वेगळं निघालं. असं संशोधनात फार वेळा होतं.

मटणाच्या बाबतीत २०१२ चा 'करंट बायॉलॉजी'मधला एक अभ्यास आहे. थोडं तुरट द्रावण घोटाघोटानं घेतलं की तुरटपणा साठत जातो, आणि तो तोंडातल्या तेलकटपणाच्या जाणिवेला तोडतो. इथं आपली भाषा आपल्याला हात देते. तुरट म्हणजे काय हे जांभूळ, कच्चं केळ आणि सुपारीमुळे आपल्याला लहानपणीच कळतं. जुन्या षड्रसांत तो 'कषाय' म्हणून स्वतंत्र रस आहे. (जाता जाता एक सावधगिरी: संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. जुने ग्रंथ वापरणाऱ्या कितीतरी जणांचा इथं गोंधळ होतो.) जेवणानंतर सुपारी चघळणाऱ्या आजोबांना बोर्डो आणि कोकराच्या मटणाची जोडी समजावायला फार वेळ लागणार नाही.

मग बोर्डो आणि आपला झणझणीत रस्सा? इथं थांबा. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर काम करतं, तीच ग्राही अल्कोहोलनंही चेतवली जाते, हे २००२ पासून माहीत आहे. त्यामुळे तिखट रश्श्यावर कडक रेड घेतली तर आग वाढेल, असा माझा अंदाज. 'अंदाज' म्हणतोय, कारण तो अभ्यास पेशी आणि प्राण्यांवरचा आहे, रश्श्याच्या ताटावरचा नाही. स्वतःच्या वाक्यालाही तीच चाळणी लावायची.

भारतीय जेवणावरचा एक अभ्यास तुम्ही जरूर वाचा. जैन, राखी आणि बागलर, २०१५, 'प्लॉस वन'. एका प्रसिद्ध संकेतस्थळावरच्या २,५४३ पाककृती, आठ प्रादेशिक शैली, त्यात महाराष्ट्रीयही. निष्कर्ष असा की ज्या दोन जिनसांत वासाची संयुगं जास्त सारखी, त्या आपल्याकडे एका पदार्थात कमी वेळा एकत्र येतात, आणि यात मसाल्यांचा वाटा मोठा. कल्पना सुंदर आहे. माझे आक्षेप दोन. एक, संकेतस्थळावरची पाककृती म्हणजे वडवणीची चूल नव्हे. दोन, त्यांनी मोजली ती पाककृती, आणि आपण जेवतो ते ताट. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी: यातली खरी जोडी चार वेगळ्या पदार्थांत, घासागणिक जमते. ती कोणत्याच एका पाककृतीत लिहिलेली नसते. हा आक्षेप घेताना मी त्यांचं काम खोडत नाही, त्याची हद्द आखतोय. त्या हद्दीपलीकडे तुमचा विषय सुरू होऊ शकतो.

परत सीताफळाकडे

आता माझं ते वाक्य. "बालाघाटची चव सीताफळात उतरते." फ्रान्सनं १९३५ मध्ये नियंत्रित मूळस्थानाची व्यवस्था कायद्यात आणली तेव्हा नुसतं नाव राखून ठेवलं नाही. कोणती जात, किती उत्पन्न, कशी छाटणी, हे सगळं नियमात बांधलं. नाव आणि काम एकत्र बांधलेलं आहे. आपला १९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा २००३ पासून लागू आहे. नाव मिळालं. पण डोंगरावर पहाटे जाऊन, डोळे उघडलेलं फळ हातानं निवडून पाटीत भरणाऱ्या बाईच्या कामाचं त्या नावात काय आहे, हे मी अजून कुठं वाचलेलं नाही. त्यातल्या कित्येक घरांत सीताफळाचा हंगाम उरकला की कोयते आणि बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला निघायची तयारी सुरू होते.

म्हणून "मातीची चव" हा शब्द मला आता खटकतो. तो ऐकायला गोड आहे, पण सगळं श्रेय जमिनीला देऊन माणूस त्यातून पुसला जातो. आणि शास्त्रीय पुराव्यातही तो टिकत नाही. पाण्याचा ताण, तोडणीची वेळ, निवडणारा हात, या मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत. माझ्या नव्या सिनॉप्सिसमधलं वाक्य असं आहे: "बीडच्या सीताफळाच्या गुणवत्तेत जात, पाण्याचा ताण आणि तोडणीची पद्धत यांचा स्वतंत्र वाटा किती, हे एकाच जातीच्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या फळांवर तपासणे." पहिल्या वाक्याइतकं ते सुंदर नाही. पण यावेळी कुणी "कशावरून?" विचारलं तर मला शेतात नेऊन दाखवता येईल.

तुमच्या विषयातलं असं एक लाडकं वाक्य शोधा. कदाचित ते पहिल्याच पानावर असेल. त्याला तीन गोष्टी विचारा: हे मूळ कागदात असंच म्हटलंय का, यात दोन कारणं एकत्र अडकलीत का, आणि हे खरं निघालं किंवा खोटं निघालं तर कुणाच्या पदरात काय पडतं. तिसरा प्रश्न विद्यापीठाच्या नमुन्यात नसतो, पण तो विचारल्याशिवाय पाच वर्षं एका विषयावर बसवत नाही, हे माझं अनुभवाचं सांगणं.

पुढच्या लेखात नमुना निवड. तोवर मूळ पेपर वाचत राहा.